सुपडाअक्का वाचायला शिकली

सुपडाअक्का दारात आली की आमच्या गल्लीतल्या बायका फडताळाला पाठ लावून उभ्या राहायच्या. कुणी पोराला उचलून आत नेऊन बसवायची. कुणी तोंडानं ‘या अक्का’ म्हणायची आणि दार मात्र अर्धं लोटून घ्यायची. मी त्या गावातून निघाले तेव्हा हे रोजचं झालं होतं. पण मी तिथं गेले तेव्हा असं नव्हतं. तेव्हा तिला प्रत्येक ओट्यावर जागा मिळायची, बाळंतिणीच्या खोलीत मान मिळायचा, आणि भाकरी थापताना कुणाचं पीठ कमी पडलं तर पहिली हाक तिलाच जायची. मधल्या काळात तिनं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. ती फक्त वाचायला शिकली होती.

गाव सोनगीरच्या पुढचं, आग्रा रोड सोडून आत. फाट्यावर बस सोडायची आणि कपाशीच्या मधल्या गाडरस्त्यानं पायी यायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याहून तिथल्या शाळेवर नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. सुपडाअक्काच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. आमच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. पलीकडे ती काय रांधतेय, कुणावर करवादतेय, सगळं इकडे कळायचं.

ती चाळिशीच्या पुढची असावी. उंच, हाडकुळी, चालताना जरा पुढे झुकलेली, जणू वारा कायम समोरूनच येतोय. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर तिला सुपात घालून दाराबाहेर ठेवलं आणि मग पुन्हा आत आणलं. मरणाला वाटावं, हा केर आहे, आपल्या कामाचा नाही. खानदेशात अशा सुपडाबाई, असे सुपडूभाऊ गावोगाव भेटतात. नावामागची गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिच्या नावाचाही तोवर कुणी विचार केला नव्हता. नवरा उखाभाऊ गावातल्या दगाआबांकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबायचा. ती स्वतः निंदणी-वेचणीला जायची. मुलगी लता दोंडाईच्याकडे दिलेली होती. एक मुलगाही होता, गोटू, तो लहानपणीच गेला, एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. ती त्याच्याबद्दल बोलत नसे.

दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घ्यायचा. बाया यायला तयार होईनात. सुपडाअक्का मात्र पहिल्याच दिवशी पाटी घेऊन पुढ्यात येऊन बसली.

“बाई, माले दोंडाईचा लिखी दे.”

मी म्हटलं, “अक्का, आधी सोपे शब्द घेऊ. घर, कमळ...”

“कमय वाचीसन मी कथा जाऊ?”

मग कारण कळलं. आदल्या वर्षी लता पहिल्या खेपेला, दिवसांआधी सासरीच बाळंत झाली होती. अक्का एकटीच निघाली. धुळ्याच्या स्टँडवर तिनं एका माणसाला गाडी विचारली, त्यानं बोट दाखवलं, ही चढली. उतरली ती साक्रीला. हातात डिंकाच्या लाडवांचं गाठोडं आणि ओळखीचं एक माणूस नाही. दिवसभर ती स्टँडच्या खांबाला टेकून बसून राहिली. पुन्हा कुणाला विचारायची तिची छाती झाली नाही. अखेर आपल्याकडची बोली बोलणारी एक भाजीवाली भेटली, तिनं परतीच्या गाडीत बसवून दिलं. लाडू तसेच घरी आले. लेकीचं पहिलं मूल तिनं दोन महिन्यांचं झाल्यावर पाहिलं.

म्हणून आमच्या वर्गाचा पहिला धडा ‘दोंडाईचा’ झाला. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं इतका अडचणीचा शब्द शोधून सापडला नसता. पण तिनं तो दिवसभर शेतात मातीवर काडीनं काढला, भिंतीवर कोळशानं काढला, भाकरीच्या पिठावर बोटानं काढला. उन्हाळ्यात ती एकटी गेली आणि एकटी परत आली. आली ती तडक माझ्या दारात.

“वाचं, बाई. कोनले इचारं नही.”

त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुढे कधीच पाहिलं नाही. नंतर काही महिने ती दिसेल ते वाचत सुटली. काड्यापेटी, साबणाचं वेष्टण, पिठाच्या गिरणीवरची पाटी, देवळाच्या पायरीवरची देणगीदारांची नावं. वाचण्याआधी ती वस्तू पदरानं पुसून घ्यायची, मग एकेक अक्षर बोटानं दाबत म्हणायची, आणि शेवटी एका दमात पूर्ण शब्द. आवाज सपाट, खालच्या पट्टीतला. आनंदाचा शब्द असो की आणखी कसला, सूर तोच. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या कुणाला केव्हा द्यायच्या हे ती आता शेजारणींना सांगायची. शेजारणी कौतुकानं ऐकायच्या. “लिखेल कधी खोटं ऱ्हास का?” असं ती वर विचारायची.

आता त्या डब्यांविषयी सांगितलं पाहिजे.

कपाशीवर फवारायचं विष पत्र्याच्या डब्यांतून यायचं. पण विष हा शब्द गावात कुणाच्याही तोंडी नव्हता. सगळे म्हणायचे औषध. कपाशीला औषध मारायचं आहे, औषधाचा पंप दुरुस्तीला गेलाय, यंदा औषध जोरदार आहे. डब्यावर कवटीचं चित्र असायचं. ती लोकांना कंपनीची खूण वाटायची. दुकानात जाऊन माणसं “खोपडीवालं द्या” म्हणून मागायची. फवारणीच्या दिवसांत गावावर एक गोडसर, घशाला बसणारा वास यायचा तो उतरायचाच नाही. निंबाखाली सकाळी साळुंक्या मरून पडलेल्या असायच्या. पोरं त्यांना काडीनं ढकलत शाळेत यायची.

आणि रिकामे डबे. ते दगाआबांच्या माळ्यावर साठायचे आणि पोळ्याला गड्यांना वाटले जायचे. त्यासाठी माणसं वर्षभर वाट पाहायची. राखेनं घासून, हिरवा-लाल रंग देऊन, लोहाराकडून कडी लावून घेतली की मडक्यापेक्षा देखणा आणि न फुटणारा डबा तयार. त्यात डाळ, त्यात गोडेतेल, त्यातच शेतावर न्यायचं पाणी. ज्याच्या फडताळावर अशी रांग, त्याचं घर वर आलं असं समजायचे. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी त्या रांगेकडे बघायचे.

एका दुपारी सुपडाअक्का माझ्या दारात उभी राहिली. दोन्ही हातांत तिचा डाळीचा डबा, अंगापासून लांब धरलेला. हिरव्या रंगाचे पोपडे उडाले होते आणि खालची अक्षरं वर आली होती. तिनं ती पुसून ठेवली होती.

“वि. ष. विष.” तिनं बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. “बाई, विष म्हंजे इखच ना?”

“हो अक्का.”

“आम्ही तं त्याले औषध म्हंतस.”

ती खाली बसली आणि पुढचं वाचू लागली. बारीक अक्षरं होती, जोडाक्षरांवर ती अडत होती. रिकामा डबा पुन्हा वापरू नये, मोडून पुरून टाकावा. हे एक वाक्य वाचायला तिला बराच वेळ लागला. ते संपल्यावर ती डब्याच्या आत पाहत राहिली. डाळ अर्धी होती.

“यामा मी दाय ठेवस. लताना लगीनना आगोदरपासून.”

त्या दिवशी तिनं ती डाळ उकिरड्यावर टाकली नाही, कोंबड्या खातील म्हणून. परसात खड्डा खणून डब्यासकट पुरली. उखाभाऊ शेतावरून आला तेव्हा ती खड्ड्यावर माती दाबत होती. कुडापलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. तो ओरडला नाही. थकलेल्या आवाजात म्हणाला, “आनि मी रोज हात घालीसन कालवस ते? ते काय शे मंग?”

उखाभाऊ बादलीतलं औषध काठी नसली तर हातानंच ढवळायचा. त्याची बोटं तेव्हाच थोडी थरथरायची. तो म्हणायचा, वयानं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर जाऊ लागली. तिला समजावून सांगणं येत नव्हतं. ती फडताळापाशी जायची, डबा उतरवायची, पदरानं पुसायची, रंग नखानं खरवडायची आणि त्या सपाट आवाजात वाचायची. वि. ष. विष. मग घरातल्या माणसांकडे एकेक करून बघायची. भर दुपारी, चुलीवर काहीतरी शिजत असताना, एक बाई येते आणि तुमच्या घरात हा शब्द उच्चारते. पहिल्या दोन-तीन घरांत हसले. पुढे हसणं थांबलं.

आमच्या समोरच इंदू राहायची. पंचवीस-सव्वीसची, हसरी, तिला चार वर्षांची मंगली. घरात कारभार सासूचा, धोंडाबाईचा. त्यांच्या फडताळावर सगळ्यात मोठी रांग होती. तिथं अक्का गेली तेव्हा मी इंदूकडे सुई-दोरा मागायला गेले होते. अक्कानं तेलाचा डबा उतरवला, वाचला आणि म्हणाली, “इंदू, हाऊ डबा फेकी दे. या घरमा मरण ठेयेल शे.”

धोंडाबाई चुलीपुढून उठली. “भर संसारमा काय अभद्र बोलस व? तुनं घर गयं, आते आमनं पाहस का?”

“मी नही बोलस, धोंडाबाई. हाई लिखेल शे.”

“कोन लिखं? देवनी लिखं का?”

सुपडाअक्का गोंधळली. कोणी लिहिलं याचा तिनं विचार केला नव्हता. तिनं डबा परत फडताळावर ठेवला, नीट रांगेत, आणि निघून आली. मी माझ्या परीनं धोंडाबाईला दोन शब्द सांगितले. तिनं ते ऐकून घेतले, मला चहा पाजला आणि डबे होते तिथेच राहिले.

दगाआबांच्या कानावरही गेलं. त्यांनी उखाभाऊला बांधावर थांबवून विचारलं, “मना डबासले तुनी बायको नाव ठेवस म्हने?” आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. “साल भरानंतर पाहू मंग.” त्या रात्री उखाभाऊ जेवला नाही. अक्का मात्र सकाळी पुन्हा निघाली, दुसऱ्या गल्लीला.

कापूस फुटायच्या आधीची ती शेवटची फवारणी होती. शाळा चालू होती, आणि आमच्या गल्लीतून इंदूची किंकाळी आली. मी धावले. मंगली ओट्यावर आडवी होती. तोंडाला फेस, अंगाला घाम, कपडे घाण झालेले, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. शेतावरून आणलेल्या डब्यातलं पाणी प्याली, एवढंच इंदू सांगत होती. तो डबा नवा होता, त्याच पोळ्याचा. तो घासला होता की नुसता विसळला होता, हे पुढे कुणालाच आठवलं नाही.

माणसं गाडी जुंपायला धावली. गर्दी मागे सारत सुपडाअक्का पुढे आली. तिनं मंगलीकडे पाहिलं आणि जागच्या जागी मातीत बसली. ती रडत नव्हती. फक्त पोरीचे डोळे बघत होती. बैलगाडी फाट्याकडे निघाली, तिथून मिळेल त्या ट्रकनं धुळ्याला नेणार होते. सगळे गाडीमागे गेले. ती उठली नाही.

“बाई,” ती मला म्हणाली, “मना गोटू बी असाच गया. असाच फेस. डोया अशाच बारीक.” थोड्या वेळानं म्हणाली, “भगत बोलना, बाहेरनं शे. आम्ही कोंबडं दिधं.”

मी तिच्याशेजारी बसले. गोटू कशानं गेला हे आता कोण सांगणार होतं? पण तिला विचारायची गरज उरली नव्हती, आणि मला तिच्या शेजारी बसून भीती वाटत होती, इतकी ती शांत होती.

मंगली सोनगीरच्या आधीच गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विषबाधा म्हणून सांगितलं, इंदूच्या नवऱ्यानं ते ऐकलं, आणि तो घरी पोचेपर्यंत गावात दुसरंच काही ठरून गेलं होतं. सुपडीनं सांगितलं मरण आहे, आणि पोर गेली. तिनं बोट ठेवलं आणि पोर गेली. मग लोकांना तिचं नाव आठवलं. भावंडांना खाऊन सुपात निजलेली. पोटचा पोरगा खाल्लेला. “काया जीभनी बाई शे ती,” धोंडाबाई तेराव्याच्या बायकांना सांगत होती, “तिना तोंडमा मरण ऱ्हास.” शाळेतल्या पोरांनी तिच्या कौलांवर दगड मारले. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे उचलायच्या.

माझा संध्याकाळचा वर्ग त्याच आठवड्यात मोडला. उरलेल्या बायकाही यायच्या थांबल्या. एकीनं मला स्पष्टच सांगितलं की वाचायला लागलं की असं होतं.

अक्कानं वाचणं बंद केलं. निदान तोंडानं. उखाभाऊनं हात जोडून सांगितलं होतं, आता गप्प राहा. पण ती गल्लीतून जाताना प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायची, आत फडताळाकडे बघायची आणि पुढे जायची. एक शब्द नाही. ते अधिक वाईट होतं. मी सुरुवातीला सांगितलं, बायका पाठ लावून उभ्या राहायच्या, ते तेव्हापासून.

थंडीत एक दिवस दुपारी मी परसात धुणं वाळत घालत होते. गल्ली रिकामी होती, सगळे वेचणीला. इंदू आली. पदराखाली काहीतरी होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तेलाचा तो डबा अक्काच्या परसातल्या खड्ड्याशी ठेवला आणि धावत परत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं, पण ओळख दिली नाही. संध्याकाळी अक्कानं तो कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, चेपला आणि पुरला. चार दिवसांनी तिथं दुसऱ्या घरचा डबा होता. मग आणखी. दुपारी यायचे, नेहमी दुपारी, कुणी आणून ठेवले ते कधी दिसायचं नाही. संक्रांतीपर्यंत गल्लीतली फडताळं विरळ झाली. मडकी परत आली. धोंडाबाईच्याही घरी.

मी आनंदानं तिला म्हटलं, “अक्का, पटलं बघ लोकांना.”

ती खड्ड्यावर माती ओढत होती. “नही, बाई. त्या माले भ्यानात. अक्षरले नही.”

पुढच्या जूनमध्ये माझी बदली धुळ्याला झाली. लग्न झालं, मुलं झाली. लता एकदा स्टँडवर भेटली तेव्हा कळलं, दगाआबांनी उखाभाऊला साल संपल्यावर काढलं नाही. दुसरा इतका स्वस्त फवारणारा त्यांना मिळाला नसता.

मग पाच-सहा वर्षांनी इंदूच्या दिराच्या लग्नाला मी गावात गेले. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गावात वीज बरी झाली होती, दोन घरांवर टीव्हीच्या काड्या होत्या. कपाशीवर नवीन अळी पडत होती, आणि जुन्या औषधांना ती दाद देत नव्हती. वास तोच होता, जरा जास्त.

उखाभाऊ ओट्यावर बसला होता. माहेरी आलेल्या लतानं त्याला चहा बशीत ओतून तोंडाशी धरला. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडून स्वतःहून हलत होते. त्यानं मला ओळखलं आणि हसला.

अक्का परसात होती. तिच्यापुढे दोन-तीन माणसं उकिडवी बसलेली दिसली, त्यात दगाआबांचा मुलगाही होता. मला आश्चर्य वाटलं. आता फवारणीचं काही नवीन आलं की आधी अक्काला दाखवतात, माझ्याबरोबर आलेली इंदू हळूच म्हणाली. तिनं वाचून सांगितल्याशिवाय बाया डब्याला हात लावत नाहीत. दोन वर्षांत कुणाचं पोर गेलं नाही.

दगाआबांच्या मुलानं एक प्लास्टिकची बाटली पुढे केली. गुजरातेतून आणली होती, नवापूरच्या पलीकडून, अर्ध्या किमतीत. “अक्का, वाची दे ना. यामा इख शे का नही? माणसं सांगतस, हाई टॉनिक शे.”

अक्कानं बाटली पदरानं पुसली. डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. तिचे केस पांढरे झाले होते. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यावर गेलं. पुन्हा पहिल्यावर आलं. सगळे थांबून होते. मी जवळ जाऊन पाहिलं. गुजराती अक्षरं होती. आपल्यासारखीच वळणं, पण वरची रेघ नसलेली; काही ओळखीची, काही नाहीत. मलाही वाचता येईना.

तिनं मान वर करून मला पाहिलं. इतक्या वर्षांनी मी दिसले याचं तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

“बाई, या अक्षरसले डोकं नही,” ती म्हणाली. “विष कथं लिखेल शे ते दाखाड.”

“विष लिखेल नही म्हनजे विष नही,” दगाआबांचा मुलगा म्हणाला आणि हसत हात पुढे केला.

तिनं बाटली दिली नाही. दोन्ही हातांत घट्ट धरून ती ते बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवत होती. बाहेरून वाजंत्री सुरू झाली, इंदू मला ओढून नेऊ लागली, आणि मी वळून पाहिलं तेव्हा माणसं उठून तिच्याभोवती उभी राहिली होती, तिची बोटं एकेक करून सोडवायला.